डाव्या हाताचं टोपडं

विद्युल्लता लग्न होऊन देवासच्या फॅक्टरी कॉलनीत आली, तेव्हा थंडीच्या दुपारी सगळ्या बायका उन्हाला विणत बसायच्या आणि ही एकटी रिकामी. डावखुरी ना. कॉलनीतल्याच सरलाकाकूंनी शेजारी बसवून दोन दुपारी शिकवून बघितलं, मग सुया काढून घेतल्या.

"तुझा हातच उलटा गं. मला बघून चक्कर येते."

तेवढ्यात धारहून निरोप आला, भावाला, शरदला, मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगणार, टोपडंही आत्याच घालणार. पण धारला आई होती, जयवंतीबाई. लहानपणी जेवायला बसवताना हिचा डावा हात फडक्याने कमरेला बांधणारी. बाळाच्या डोक्यावर डाव्या हाताचं काही ती चढू देईल?

"बाजारातून आण की एखादं," काकू म्हणाल्या.

"विणीन, नाहीतर रिकाम्या हाताने जाईन."

आणि तशीच ती बसस्टँडवर भास्करभियाच्या पेपर-मासिकांच्या दुकानात गेली. विणकामाचं जे असेल ते काढा म्हणाली. त्याने तीन मासिकं पुढे टाकली. मराठीत सगळं शब्दांतच, दोन सुलट, एक उलट, आणि पहिलीच ओळ, सुई उजव्या हातात धरा. तिने ते तिथेच मिटलं. हिंदीत छान छान स्वेटर घातलेल्या बायका, पण सगळ्यांचे हात खिशात. तिसरं इंग्रजी, जुनं, कव्हर गेलेलं. त्यात पानभर नुसते हात काढलेले. लोकर कुठल्या बोटावरून, सुई कुठून आत, सगळं मोठं मोठं.

"भाभी, ये तो अंग्रेजी है. आपको आती है?"

"नहीं आती भिया. मेरे को तो हाथ देखने हैं."

सकाळी वेणी घालताना आरशातली बाई उजव्या हाताने विंचरते, हे ती लहानपणापासून बघत आलेली. मग चित्रातला उजवा हात आरशात डावा नाही का होणार? घरी येऊन तिने नवऱ्याचा दाढीचा आरसा पानासमोर उभा केला. झालाच डावा. अक्षरं उलटी झाली, पण ती सुलटी तरी कुठे कळत होती.

"मी दाढी कशात करू?" नीलकंठने विचारलं.

"बारशापर्यंत राहू द्या की."

विणायची, उसवायची, परत टाके घालायची. काकू खिडकीतून म्हणायच्या, "आरशात बघून पावडर लावतेस की टोपडं विणतेस?" ही मान वर करायची नाही. लोकर उसवून उसवून केसाळ झाली, तेव्हा कुठे टोपडं डोक्याच्या आकाराचं झालं.

धारला दारातच जयवंतीबाईंनी जावयाकडे बघितलं. "आजारी होतात का हो?"

"नाही. आरसा नव्हता," नीलकंठ म्हणाला.

मग पाळण्याजवळ त्यांनी टोपडं हातात घेतलं.

"कुणी विणलं?"

"मी."

"कोणत्या हाताने?"

भावजय, सुनेत्रा, बाळाला घेऊन तशीच थांबली. टोपडं परत घ्यायला विद्युल्लताने हात पुढे केला नाही.

"दोन्ही लागतात, आई."

जयवंतीबाईंनी टोपडं आतून बघितलं, बाहेरून बघितलं, बोटाने टाके चाचपले. कुठे काही सापडेना. मग बाळाच्या डोक्यावर ठेवलं आणि बंद स्वतःच बांधला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्या लेकीसमोर येऊन बसल्या. शेजारी नाही, समोर. "दाखव बरं कसं ते."

विद्युल्लताने टाका घातला. समोर बघून आईने घातला, आणि तो बरोबर आला. उजव्या हाताने, जसं दिसतंय अगदी तसं. विद्युल्लता बघतच राहिली. काकूसुद्धा अशा समोर बसल्या असत्या तर!

दुसऱ्या ओळीला आईची लोकर सुटली. तिचा डावा हात मधेच सुई सोडून मांडीवर गेलेला.

"आई, तो पण घे वर," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय नाही व्हायचं."

जयवंतीबाईंनी तो वर घेतला.