दगडावरचा तळहात

तापीला तेव्हा प्रकाशा गावाजवळ पूल नव्हता. तिथला नावाडी हिवाळ्यात रोज सकाळी नाव सोडण्याआधी काठावरच्या काळ्या दगडावर तळहात टेकवत असे. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "म्हैसना पोटमा चूल शे. मगरले ऊन मांगनं पडस." म्हशीचे अंग आतूनच ऊबदार, मगरीला मात्र ऊब उन्हाकडून घ्यावी लागते; म्हणून दगड गार असेपर्यंत वाळूत पडलेली मगर सुस्त असते, हा त्याचा अनुभव. अंडीही ती वाळूत पुरते आणि उबवण्याचे काम उन्हावर सोडते, हे त्यानेच मला सांगितले.

एका सकाळी एका बाईच्या म्हशीचे पारडू चुकून वाळूत पडलेल्या मगरीपासून चार हातांवर जाऊन उभे राहिले. "मन्हं पारडू!" म्हणत बाई धावली. नावाड्याने तिला अडवले आणि दगडावर हात ठेवला.

"थंडा शे, माय. ती हालनार नही. तू आठेच थांब."

तो सावकाश चालत गेला आणि पारडाला कान धरून घेऊन आला. मगरीने फक्त जबडा उघडला. पारडू म्हशीखाली शिरून दूध पिऊ लागले. नावाडी नावेकडे वळला.

मग मी त्या दगडावर हात ठेवला. दगड चांगलाच तापला होता.