दादाचं हिरवं गाव

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरपूरला, सासरी, भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, मगच रडायला बसले. दीड महिना झाला... लोक अजून त्याच्या हुशारीचंच बोलतात. हुशार होताच. लहानपणी टपल्या मारून मला गणित शिकवायचा. "एक बी आकडा सोडू नको," म्हणायचा.

पुढे नागपूरच्या ऑफिसात त्याने न्यूरल नेटवर्क तयार केलं. गावोगावच्या बालमृत्यूंच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरला शिकवायच्या आणि पुढे कुठे मुलं दगावतील ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. धोक्याचं गाव नकाशावर लाल, सुखरूप गाव हिरवं. कामरगावजवळचं आमचं गाव हिरवंगार निघालं. दादाने तो नकाशा प्लॅस्टिक चढवून माहेरच्या भिंतीवर लावला. आमच्याकडे बारशाआधी गेलेलं बाळ कुणी मोजत नाही; बांधावर पुरतात, विषय बंद. दादाच्या आधीची आईची दोन तशीच बांधावर आहेत. हे ठाऊक असूनही त्याने ती नोंदीत धरली नाहीत.

हिरव्या गावाला गाडी कशाला, म्हणून आमच्याकडे असलेली दवाखान्याची जीप लाल गावांकडे गेली. त्याच वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. चौथ्या दिवशी बाळाला धाप लागली. जीप लांबून यायची होती... तोवर ते माझ्या मांडीवर गार पडलं.

दादा भेटायला आला, तेव्हा मी एकच मागितलं. "माह्या पोराले तुह्या मशीनीत टाक. जीप तरी वापस येईन."

"नोंद कुठी हाये त्याची?" तो म्हणाला. "अन् पुढच्या हप्त्यात सायबाले आपलंच हिरवं गाव दाखवाचं हाये."

नोंद तो करू शकला असता. मी त्याला माफ केलं नाही, आणि मेला म्हणून आता करणारही नाही. जीप अजून आलेली नाही.

तेरवीला सगळं गाव जेवलं. दादाने किती लेकरं वाचवली, याची भाषणं झाली. पाहुणे पांगल्यावर आईने मला फोटोला कुंकू लावायला सांगितलं. मी लावलं. बोटाला थोडं उरलं, ते शेजारच्या नकाशात आमच्या गावावर टेकवलं. गाव लाल झालं.

आई बघत राहिली. मग उठली, पदराचं टोक ओलं केलं आणि ते पुसून काढलं.

"बारसं नोतं झालं त्याचं," ती म्हणाली.

प्लॅस्टिकवर डाग राहत नाही. फोटोवरचं कुंकू मात्र तिने राहू दिलं.