ओंजळीचं पाणी

किन्हीराजाच्या रस्त्याचं काम निघालं ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. भागिरथा तिथं खडी फोडायला जायची. तिच्या सासऱ्यानं छप्पन्न साली बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरानं एक गोष्ट ठरवून टाकली होती. ओंजळ धरून, दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी प्यायचं नाही.

कामावर पाण्याचं एकच टिपाड. बाकीचे त्यात तांब्या बुडवत. बौद्ध वस्तीतल्या पाच बायांना मात्र पाण्यावर नेमलेली कस्तुराबाई वरून धार सोडायची, तीही सगळ्यांचं पिऊन झाल्यावर. काम सरकारी, टिपाड सरकारी, पाणी सरकारी. विटाळ तेवढा मुकादम मदनसिंगानं घरून आणलेला. चौघी ओंजळ धरत. भागिरथा धरत नसे. घरून कळशी आणावी, तर वस्तीच्या विहिरीनं तळ गाठलेला. सकाळी दोन घोट घेऊन निघायची, ती दिवेलागणीलाच पुन्हा पाणी पाहायची.

वैशाखात तिच्या उजव्या कुशीत कळ उठली. खडीच्या ढिगाशेजारीच ती गडबडा लोळली.

"नाटकं करून राह्यली," मदनसिंग म्हणाला.

चार दिवसांनी लघवीतून रक्तासकट ज्वारीच्या दाण्याएवढा खडा पडला. तो पदराच्या गाठीत बांधून तिनं वाशीमचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला.

"आत आणखी एक आहे, बाई. वाढला तर अकोल्याला जाऊन कूस कापून काढावा लागेल. दिवसाला दहा तांबे पाणी प्या. आता किती पिता?"

"कामावर नाई पेत."

"का?"

तिनं कारण सांगितलं.

"याला दुसरं औषध माझ्याजवळ नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भागिरथेनं घरचा तांब्या नेला आणि सरळ टिपाडात बुडवला.

"काहून वं, पानी बाटवलं?" मदनसिंग धावून आला.

"डागदरानं मले दहा तांबे सांगितले. ओंजळीत किती मावते, तुमीच पाहा."

मदनसिंगानं कस्तुराबाईला टिपाड पालथं करायला लावलं. भर दुष्काळात चाळीस माणसांचं पाणी मातीत गेलं. दिवसभर कोरड्या घशानं खडी फोडणाऱ्या त्या शहाण्यांनी शिव्या कुणाला द्याव्यात? भागिरथेला. दुसऱ्या दिवशीही तिनं तांब्या बुडवला, टिपाड पुन्हा पालथं झालं.

तिसऱ्या दिवशी तिनं तांब्या बुडवला, तेव्हा मदनसिंगानं कस्तुराबाईला खूण केली. ती जागची हलली नाही.

"तुमीच करा पालथं," ती म्हणाली. "माह्या तोंडात थुका राह्यला नाई."

आणि त्याच पाण्यात तांब्या बुडवून ती घटाघटा प्यायली. मग रांग लागली. ओंजळ धरणाऱ्या चौघीही तांबे घेऊन त्याच रांगेत उभ्या राहिल्या. मदनसिंग सगळ्यांत शेवटी प्यायला. कुणाचा धर्म बुडाला नाही, कुणाच्या अंगाला फोड आले नाहीत. एवढं कळायला एका बाईच्या कुशीत दोन खडे व्हावे लागले.