सर्व्हरचं बटण
सोनचाफ्याचा वास आला की पहिल्या नोकरीतल्या मॅडम आठवतात. नारायण पेठेतून येताना त्या रोज एक फूल आणायच्या. मी अकोल्याहून नवा आलेलो. प्रोग्राम चालवून बघायला सर्व्हर लागायचा, तो मॅडमच द्यायच्या, आणि त्यांच्या टेबलाशी कायम गर्दी असायची. मी तीन दिवस नुसता बसून होतो. "अहो, मग मागायचा नाही का?" त्यांनी विचारलं. "तुम्ही कामात होतात," मी म्हणालो. महिन्याभराने त्यांनी बोलावून स्वतः बनवलेलं एक वेबपेज दाखवलं. आता ज्याने त्याने बटण दाबून सर्व्हर घ्यायचा. "पहिल्यांदा तुम्ही दाबा." पाच मिनिटांत सर्व्हर मिळाला. सगळ्यांचीच कामं भराभर होऊ लागली, टेबलाशी गर्दी उरली नाही. मी मात्र काही अडलेलं नसतानाही जातच राहिलो. आता नोकरी बदलली, तर त्यांना फोन करतो.