सागवानी देव्हारा, देवांसकट

हाव सुटली म्हणून केलं, हे आधीच सांगून टाकतो.

दिंडोरी रोडवरच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या. मुलाकडे कॅनडाला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, देव्हारा घेऊन जा. पैसे नकोत. फक्त मी येईपर्यंत आमचे देव सांभाळा." घुमटाचा, सागवानी देव्हारा. आमचे देव तेव्हा मिक्सरशेजारच्या फळीवर होते. मी लगेच हो म्हणालो.

देव्हारा स्वयंपाकघरात आला आणि फ्रिज हॉलमध्ये गेला. तेव्हापासून दूध काढायचं म्हणजे पाहुण्यांना पाय वर घ्यायला सांगावं लागतं. त्यात दर रविवारी काकूंचा व्हिडिओ कॉल. "फोन जरा जवळ न्या. आज खंडोबाला फूल नाही?" चंपाषष्ठीला बायको रजा टाकून त्यांच्या पद्धतीचं भरीत करायची आणि ताट आधी फोनला दाखवायची.

तेही निभावलं असतं. पण पहिल्याच दिवाळीत मी घोटाळा केला. त्यांच्या कुळदेवांचे चांदीचे टाक पाच, आमचे पाच. दोन्हीकडचे चेहरे पिढ्यान्‌पिढ्या घासून सपाट झालेले. मी दहाही टाक एकाच पातेल्यात, रिठ्याच्या पाण्यात टाकले. बाहेर काढल्यावर कोण कुणाचा, काही कळेना. आमचा एकच खात्रीने ओळखला. त्याच्या काठावर दोन बारीक खळगे होते. लहानपणी मी तो चावला होता, असं आई सांगायची. आई गेल्यावर ते ठाऊक असलेला मी एकटाच. बाकीचे अंदाजाने वाटून टाकले आणि बायकोलाही बोललो नाही.

त्या रविवारी फोनसमोर पाच देव धरले. काकूंनी हात जोडले. "अगंबाई, काय तेज आलंय आमच्या देवांना!"

असे चार वर्षं रविवार गेले. मग काकू परतल्या, मुक्काम पुण्याला हलवला आणि देव न्यायला आल्या. सगळे टाक ताम्हनात काढायला लावले आणि मेथी निवडावी तसे निवडू लागल्या. चौथा उचलला, काठावरून अंगठा फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हे बघा. आमच्या बाळानं चावला होता. दात उमटलेत अजून."

माझं तोंड उघडलं होतं. पण बोललो असतो तर चार वर्षांच्या रविवारांचा जबाब द्यावा लागला असता.

"हो का," मी म्हणालो.

"देव्हारा मात्र तुम्हालाच राहू द्या. एवढं केलंत आमच्या देवांचं," असं म्हणून त्या आमचा देव पदराखाली घेऊन गेल्या.

आता रविवारी फोन मी करतो. "काकू, जरा दर्शन…"

"किती लळा लागलाय हो भाऊंना आमच्या देवांचा!"

"तो चौथा जरा जवळ आणा ना."

त्या आणतात. मी सोफ्यावरच हात जोडतो. परवा बायको फ्रिज उघडायला आली. मी पाय वर घेतले.

"आपल्या देवांची पूजा राहिलीय ना आज?" तिने विचारलं.

"चाललीय," मी म्हणालो.