एका दगडावरचे दोन धुडकू

पिंप्राळ्यात समोरच्या दुकानाला काल चुना लावला, आणि त्या ओल्या वासासरशी मी दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात, हुतात्म्यांच्या चौथऱ्यापाशी जाऊन बसलो.

इंग्रजांच्या गोळीबारात गावातले दोन धुडकू पाटील गेले होते. नाव एक, आडनाव एक, बाप वेगळे. दगडावर मात्र 'धुडकू पाटील' एकदाच कोरलेलं. मी लहान असताना, सत्काराच्या सकाळी, ताज्या चुन्याने चौथरा उन्हात डोळ्यांना खुपत होता. धुळ्याहून आलेल्या साहेबांनी हुतात्म्याच्या पत्नीला शाल द्यायला नाव पुकारलं, तशा दोन म्हाताऱ्या उठल्या. एक सरपंचांची चुलती, दुसरी आमच्या शेजारची, मूलबाळ नसलेली आक्का.

शाल एकच होती. साहेबांनी विचारलं, "तुमच्या धुडकूंच्या वडिलांचं नाव काय?"

चुलतीच्या वतीने सरपंचांनी लगेच नाव सांगितलं. आक्काने पदर तोंडाशी नेला. "सासरानं नाव कसं लेऊ भाऊ?" सासऱ्याचं काय, नवऱ्याचंही नाव तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं. सगळं ठाऊक असलेले म्हातारे सरपंचांकडे बघून गप्प राहिले. आक्का हळूच खाली बसली, आणि टाळ्या वाजल्या.

म्हातारी लाजली, एवढंच मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्या टाळ्यांत गावाने तिच्या माणसावर माती लोटली.

हल्ली तिथे काळा ग्रॅनाइट बसवलाय. या खेपेला धुडकूच्या बापाचं नावही ठळक कोरलंय. ते आक्काच्या सासऱ्याचं नाही.