शाहीनबाईंचा राहिलेला पाठ

फोन आला तेव्हा मी एका शाळेत मागच्या बाकावर बसून विद्यार्थिनीचा सराव पाठ तपासत होते. शाहीनबाई गेल्या... वर्गातच छातीत दुखायला लागलं, दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. फोन ठेवून मी समोरच्या पाठाला गुण देत राहिले. दुसरं काही सुचलंच नाही. त्याला आता दीड महिना झाला.

पुसदला चौथीत बाईंनी मला शिकवलं. भागाकार त्या डब्यातल्या पोळ्या वाटून शिकवायच्या. माझ्या वाटणीची पोळी मी मध्येच खाऊन टाकली तर म्हणाल्या, "आता बाकी किती राह्यली, थे बी तूच सांग." वीसेक वर्षं असं शिकवल्यावर संस्थेने त्यांना बजावलं, शिक्षणशास्त्राची पदवी आणा, नाहीतर घरी बसा. पंचेचाळिशीत त्या यवतमाळला आमच्या महाविद्यालयात दाखल झाल्या, आणि त्यांना शिकवायला कोण, तर मी. पहिल्या दिवशी उभं राहून त्या "हजर, मॅडम" म्हणाल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तास सुटल्यावर मात्र जवळ येऊन म्हणाल्या, "काहून घाबरून राह्यली, बेटा? शिकव बिनधास्त."

वार्षिक पाठाला माझ्या शेजारी बाहेरचे परीक्षक होते. पाठाचं टाचण आधी लिहून द्यावं लागतं. कोणता प्रश्न, मुलांचं अपेक्षित उत्तर, किती मिनिटं, सगळं त्यात. बाईंनी विचारलं, पाणी कुठून येतं? अपेक्षित उत्तर होतं नदी, विहीर. एक मुलगी म्हणाली, "आमच्या इकडं येतच नाही." बाईंनी टाचण टेबलावर ठेवलं आणि तिच्या बाकावर जाऊन बसल्या. "मंग कसं करता वं तुम्ही?" पुढचा सगळा वेळ ती मुलगीच बोलत होती आणि वर्ग तिला प्रश्न विचारत होता. फळा कोरा, मूल्यमापन नाही, घंटा झाली तरी मुलं उठेनात. इतका चांगला पाठ मी आजवर पाहिलेला नाही. परीक्षक म्हणाले, "नमुन्यात काहीच बसत नाही. तुमचं काय मत?" माझी नोकरी कंत्राटी, दरवर्षी नव्याने अर्ज करायची. मी भ्याले. शेरा लिहिला, पाठ पुन्हा घ्यावा.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पदवी भेटली नाही त शाळा जाईन माही," एवढंच म्हणाल्या. "तू सांग, तसं करतो." मग चार दिवस मी त्यांना समोर बसवून समजावलं. मुलाने वेगळं उत्तर दिलं तर 'छान' म्हणायचं आणि दुसऱ्याला विचारायचं. त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं... दुसरा पाठ आठ दिवसांवर होता, तेव्हा त्या गेल्या.

मागच्या आठवड्यात त्यांची मुलगी ती वही घेऊन आली. "अम्मी रोज घरी माह्यावर पाठ घ्याची," ती सांगत होती. "मी दुसरं काही बोलली की 'छान' म्हने, अन् भिंतीकडं पाहून पुढचा प्रश्न विचारे. पाहून घ्या ना मॅडम, बरोबर हाय का?"

मी पान न् पान पाहिलं. एकही चूक नव्हती. बरोबर आहे, म्हटलं. तिला बरं वाटलं, वही ठेवून गेली. आता ती माझ्या खणात आहे, आणि मी अधूनमधून काढून चाळते. अक्षर बाईंचं आहे. बाकी सगळी मीच आहे.